तानूबाईचा रांजण

"ती बॅटरी बाजूला घे गं, उजेडानं पाणी नासतं," दगडाबाई म्हणाल्या.

"उजेडानं पाणी नासत नाही, काकी."

"आमच्या हितं नासतं."

मेघना हौदाच्या कठड्यावर पोट टेकून आत वाकली होती. पदर कमरेला खोचलेला, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात खडू. टॉर्चचा उजेड पाण्यावर पडला तशा अळ्या सरसर खाली गेल्या. ती तशीच थांबली. श्वास घ्यायला त्या वर येणार हे तिला माहीत होतं. आल्या. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटी टेकवून, डोकं खाली करून लोंबकळत राहिल्या.

"ह्या बघा. ह्या वळवळतायत त्या."

दगडाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "त्या व्हय? त्या काय आजच्या हायत? पाणी जितं हाय म्हणून हायत. मेलेल्या पाण्यात कोण ऱ्हाईल?"

"ह्यांचेच डास होतात. मग ताप येतो. मागच्या गल्लीत पाच जण आजारी आहेत."

"ते मागच्या गल्लीतलं. त्येंचं खाणंच तसलं."

मेघनानं डोळे मिटले आणि पाठ केलेलं वाक्य पुन्हा म्हटलं. आठवड्यातून एक दिवस हौद रिकामा करायचा, आतून घासायचा, दिवसभर कोरडा ठेवायचा. नळ मंगळवारी आणि शनिवारी येतो, म्हणून शुक्रवार हा कोरडा दिवस.

"आन् शुक्रवारी प्यायचं काय? तुझं भाषण?"

यावर भिंतीपलीकडच्या दोघी हसल्या. मेघनानं हौदावर खडूनं ठळक फुली मारली. ज्या भांड्यात अळ्या सापडतील त्यावर फुली, असा नियम होता.

"अगं ए, भिंत आत्ता गणपतीला रंगवलीय!" दगडाबाईंचा आवाज चढला. "समद्या आळीच्या पाण्यात डोकावतीस. तुझ्या बापाचा रांजण बघितलास का कधी? आमचं पाणी आमी पितो. त्यो रस्त्यावर हाय. जाईल-यील त्यो पितोय. आमचे हे रोज दूध घालून येताना दोन पेले रिचवत्यात तितं."

"आबा रोज घासतात तो," मेघना म्हणाली. म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की आबांना रांजण बाहेरून पुसताना तिनं रोज पाहिलंय. आतून घासताना कधीच नाही.

मेघना ओव्हाळ आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा सहायक होती. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. रक्ताच्या काचपट्ट्या रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, हे तिचं काम. ते तिला आवडायचं, कारण काचपट्टी उलट उत्तर देत नाही. पण सत्त्याण्णवच्या भाद्रपदात जळोचीत तापाची साथ वाढली, माणसं कमी पडली, आणि तिच्याही हातात टॉर्च आणि खडू देऊन तिला गल्लीत सोडण्यात आलं. तू तिथलीच आहेस, ओळखीच्या घरात लोक आत घेतील, असं साहेबांचं म्हणणं. लोक आत घेत होते. ऐकत नव्हते.

घराकडे निघाली तेव्हा ऊन कलत होतं. जळोची म्हणजे एका बाजूनं बारामती आणि दुसऱ्या बाजूनं ऊस. मधल्या रस्त्याला लागून रामभाऊ ओव्हाळांच्या दोन खोल्या होत्या आणि खोल्यांच्या पुढे, अगदी रस्त्याच्या कडेला, तो रांजण. अर्धा जमिनीत गाडलेला, तरी छातीपर्यंत येणारा. जाड ओठाचा, अंगावर कुंभाराच्या बोटांचे ठसे असलेला. वर लाकडी झाकण, शेजारी दगडावर दोन पेले आणि लांब दांड्याचं ओगराळं.

रामभाऊ वालचंदनगरच्या कंपनीत फिटर होते. चाळीत राहून दोन मुलं शिकवली. बायको चाळीतच वारली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जळोचीत जागा घेतली आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे इंदापूरकडच्या गावी जाऊन आईचा रांजण उकरून आणला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसाचं पाचट पसरून, त्यात रांजण निजवून, स्वतः त्याला धरून बसून ते आले. घराचा पाया त्यानंतर खणला गेला.

तो रांजण तानूबाईचा, म्हणजे मेघनाच्या आजीचा. धर्मांतर झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिनं तो कुंभाराकडून घडवून घेतला आणि वस्तीच्या तोंडाशी, रस्त्यावर मांडला. जन्मभर ती विहिरीपासून लांब उभी राहून, कुणी वरून पाणी घालील का म्हणून वाट पाहत आली होती. कधी घालत, कधी घालत नसत. आता माझ्या दारचं पाणी कुणीही प्यावं, म्हणाली. वस्तीतले प्यायले. गावातलं कुणी आलं नाही. वाटसरू प्यायचे, पण ज्यांना माहीत नसे तेच. रांजण कुणाचा हे कुणी सांगताच ते थुंकायचे. तानूबाई ते बघायची आणि रांजणात आणखी एक कळशी ओतायची. रांजणानं तळ दाखवायचा नाही, हा तिचा नियम होता. अर्धा झाला की भरायचा. तहानलेला माणूस आला आणि रांजण रिकामा, असं होता कामा नये.

जळोचीत मात्र कुणी काही विचारलं नाही. एसटीची वाट बघणारे, बाजाराला जाणारे, कंपनीतून सुटलेले, सगळे ओगराळं बुडवत आणि पीत. दगडाबाईंचे नवरे हिंदुराव तर पहिल्या दिवसापासून. त्यांचा ऊस रस्त्यापलीकडे, घर मागच्या आळीत. सकाळी डेअरीत दूध घालून परतताना लुना उभी करून ते दगडावर बसत, दोन पेले पाणी पीत आणि रामभाऊंशी कशावरून तरी वाद घालत.

असंच एकदा ते म्हणाले होते, "रांजण म्हंजी राजाचं भांडं. राजा, रांजण. पाटलाच्या, देशमुखाच्या वाड्यावर असायचा. गोरगरिबाकडं आपलं मडकं."

हिंदुरावांच्या मनात काही नव्हतं. पण रामभाऊ त्या दिवशी धड जेवले नाहीत. बुद्धघोष, मेघनाचा धाकटा भाऊ, पुण्यात पाली शिकत होता. तो सुट्टीला आला तेव्हा त्याची पिशवी खांद्यावरून उतरायच्या आत त्यांनी विचारलं, "रांजण हा शब्द कुठला?"

बुद्धघोषनं दोन दिवस पुस्तकं चाळली. "आबा, पालीत 'अरंजर' असा शब्द आहे. पाण्याचं मोठं मडकं. संस्कृतात 'अलिंजर'. बोलता बोलता पुढचा अ गळून गेला, बाकीचं घासून घासून रांजण झालं. राजाचा काही संबंध नाही."

"म्हंजी भिक्खूंचा शब्द."

"भिक्खूंचा, कुंभाराचा, सगळ्यांचाच, आबा. तहान सगळ्यांना लागायची."

यातलं शेवटचं वाक्य रामभाऊंनी ऐकलं नाही. बारामतीहून पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि कंपनीत यंत्रांच्या भागांवर नंबर घालायचे त्या वळणदार हातानं रांजणावर लिहिलं: अरंजर.

दुसऱ्या दिवशी हिंदुरावांनी लुना उभी केली, वाचलं, पुन्हा वाचलं. "अरं, जर... फुडं काय? वाक्य पुरं करा की, रामभाऊ!"

"पुरं झालंय ते. तुमी पाणी प्या."

हिंदुराव प्यायले. पुढे महिनाभर रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला आबा त्या शब्दाची गोष्ट सांगत राहिले. एसटी सुटायची वेळ झाली तरी सांगत. शब्द दोन हजार वर्षांचा निघाला म्हणून पाण्यात काय फरक पडतो, हे मेघनाला कळेना. तिनं एकदा तसं म्हटलंही. आबा म्हणाले, "पाण्यात कशाला पडंल? आमच्यात पडतो."

आज ती दगडाबाईंकडून घरी पोचली तेव्हा आबा रांजणात कळशी ओतायच्या बेतात होते.

"आबा, थांबा जरा. मला आत बघू द्या."

"काय बघतीस?"

"बघते."

तिनं झाकण काढलं, टॉर्च लावला. पाणी स्थिर होतं, काळं आणि स्वच्छ. काही दिसलं नाही. तिला एवढं हायसं वाटलं की आपण घाबरलो होतो हे तिला तेव्हा कळलं. मग तळाच्या अंधारातून पहिली अळी वर आली. मागोमाग चारपाच. मग मोजण्यात अर्थ राहिला नाही.

"आबा, यात अळ्या आहेत."

"दुसऱ्या कुणाच्या असतील."

"दुसऱ्या कुणाच्या म्हणजे?"

"टाकल्या असतील कुणीतरी. मी सकाळ-संध्याकाळ ताजं पाणी घालतोय."

"ताजं घालता, पण जुनं संपू देत नाही ना! डास अंडी घालतो ती आतल्या भिंतीला, पाण्याच्या जरा वर. चिकटून बसतात ती. तुम्ही कळशी ओतली की पाणी वर चढतं, अंडी भिजतात आणि फुटतात. ओगराळं बुडवलं की अळ्या खाली पळतात, म्हणून कुणाच्या पेल्यात येत नाहीत. हा रांजण आतून कधी घासलाय?"

"आईनं मांडल्यापासनं तळ दिसला न्हाय त्याचा. ट्रॉलीत घातला तेवढाच."

"तेच तर सांगतेय मी!"

"आन् मी पण तेच सांगतोय."

मेघना कठड्याला टेकावं तशी त्या रांजणाला टेकली. दिवसभर परक्यांशी बोलून घसा बसला होता आणि सगळ्यात अवघड घर हे शेवटी आलं होतं. "आबा, आठवड्यातून एक दिवस. फक्त शुक्रवार. शनिवारी नळ येतोच."

"शुक्रवारी कुणी तहानलेला आला तर?"

"घरातून देऊ."

"घरातनं दिलं म्हंजी त्यानं दार वाजवायचं. मागायचं. आपण भाईर येईस्तवर थांबायचं." रामभाऊ कळशी खाली ठेवत म्हणाले. "आईनं ह्यो कशापायी मांडला, मेघना? कुणाला मागायला लागू न्हाई म्हणून."

अळीला पंख फुटायला आठवडा पुरतो, आणि आजीच्या नियमाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तिनं पर्समधून खडू काढला.

"ते ठेव," आबा म्हणाले.

"काकींच्या हौदावर मारली. सगळ्या आळीनं बघितलं."

"त्येंचा हौद परसात हाय. हितं सगळी माणसं पित्यात. तुला कळतंय का? सगळी." त्यांचा आवाज खाली आला. "गावाकडं चाळीस वर्सं जे झालं न्हाय ते हितं चार वर्सांत झालं. दोघं मिळून उपसू आत्ता. घासू. तू म्हंशील तसं. पण फुली नको."

तिला कळत होतं. न कळतं तर बरं झालं असतं, म्हणजे रागावता तरी आलं असतं. पण उद्या तिला पुढच्या आळीत जायचं होतं आणि दगडाबाईंच्या दारावरूनच जायचं होतं. स्वतःच्या घरचं लपवून दुसऱ्याच्या भिंतीवर फुल्या मारत फिरायचं, हे तिला जमणार नव्हतं. अरंजर या अक्षरांच्या खाली तिनं फुली मारली. दगडाबाईंच्या हौदावर मारली होती तेवढीच मोठी.

रामभाऊ आत जाऊन बादली घेऊन आले.

त्या संध्याकाळी दोघांनी रांजण उपसला. उरलेलं पाणी फडक्यानं टिपायला मेघना आत कमरेपर्यंत वाकली. आतून ओल्या मातीचा वास आला. काथ्यानं आणि विटकरीच्या तुकड्यानं तिनं भिंत घासून काढली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, नळ आला, रांजण भरला. फुली तिनं स्वतः ओल्या फडक्यानं पुसली. आता ह्या रस्त्यावर ह्याच्याइतकं चांगलं पाणी कुठल्याच घरात नव्हतं, हे ती काचपट्टीवर दाखवून देऊ शकली असती.

बुधवारी कुणी प्यायलं नाही.

एसटीची वाट बघणारे होते. त्यातल्या ओळखीच्यांनी रांजणाकडे पाहिलं आणि टपरीवर जाऊन चहा घेतला. एका बाईनं पिशवीतून घरची बाटली काढली. हिंदुरावांची लुना नेहमीच्या वेळेला आली आणि न थांबता गेली. जाताना त्यांनी मान दुसरीकडे, स्वतःच्या उसाकडे वळवली होती, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता. गुरुवारीही तसंच. रामभाऊ दगडावर बसून होते. शब्दाची गोष्ट ऐकायलाही कुणी नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मेघना दगडाबाईंच्या परसात गेली.

"काका पाणी प्यायला येत नाहीत."

"कामं असत्यात पुरुषमाणसाला." दगडाबाई लसूण सोलत होत्या.

"रांजण घासलाय. तुमच्यासमोर सांगते, आतून टिपून घेतलाय. तुमच्या हौदातही अळ्या होत्या, काकी. पाटलांच्या पिंपात होत्या, त्या मास्तरांच्या टाकीत तर तुमच्या दुप्पट. त्यांच्याकडचा चहा काका बंद करणार आहेत का?"

"तसं न्हाय गं. आमच्यात व्हत्या त्या आमच्यात व्हत्या. तुमच्यात म्हणल्यावर..."

दगडाबाईंचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं लसणाची पाकळी पुन्हा सोलायला लागल्या, पण ती आधीच सोललेली होती.

मेघना घरी आली. आबांना तिनं काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती केंद्रात जायला निघाली तेव्हा रामभाऊ रांजण उपसत होते. काठोकाठ भरलेला, कुणी तोंड न लावलेला. बादलीमागून बादली ते रस्त्याकडेच्या कडुनिंबाला घालत होते.

"आबा, राहू द्या आजच्या दिवस," ती म्हणाली. "मंगळवारीच तर भरलाय."

"का? नियम हाय न्हवं तुझा? सगळ्यांस्नी लावतीस, आमाला पण लाव."

दिवसभर तिला काचपट्ट्यांत नीट लक्ष देता आलं नाही. पाच वाजता परतली तर घरासमोर एसटी उभी. बॉनेट उघडं, ड्रायव्हर अर्धा आत. वालचंदनगरहून आलेली गाडी तिथंच बंद पडली होती आणि दुसरी यायला किती वेळ लागेल ते कंडक्टर कुणालाच सांगत नव्हता. भाद्रपदाचं ऊन उतरतानाही चटका देत होतं. पन्नासेक माणसं कडुनिंबाच्या आणि घराच्या सावलीत बसलेली. ह्यातल्या एकालाही फुलीचं काही माहीत नव्हतं. चार वर्षांत ह्या रस्त्यावर एसटी बंद पडली नव्हती. पडली ती आज.

"रांजण कोरडा का ओ बाबा?" कुणीतरी विचारत होतं.

"सरकारचा हुकूम हाय," रामभाऊ म्हणाले. "सरकार माझ्याच घरात ऱ्हातं."

त्यांच्या हातात घरातली कळशी होती, म्हणजे घरातलं प्यायचं पाणी. ते माणसामाणसापाशी जात होते. कुणाला उठू देत नव्हते, कुणाला मागू देत नव्हते. एक बाई, कडेवर मूल, सवयीनं ओंजळ पुढे करून वाकली.

"वंजळ न्हाय," रामभाऊ म्हणाले. त्यांनी पेला भरला आणि तिच्या हातात दिला. "वरनं नाही वतत आमी. हातात घे आन् बसून पी."

बाईला काही कळलं नाही. पण ती बसली, मुलाला पाजलं, मग स्वतः प्यायली.

दुसरी एसटी आली तेव्हा सूर्य उसात गेला होता. माणसं गेली. कुणीतरी खिडकीतून हात हलवला. रामभाऊ दगडावर बसून पेले धूत होते, म्हणजे धुवायला पाणी नव्हतं म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

मेघना आत गेली. कळशी रिकामी. हंडा रिकामा. माठ उलटा करून ठेवलेला. मोरीतल्या बादलीत तळाला ओलही नव्हती.

"आबा! सगळं?"

"बायामाणसं व्हती. पोरं व्हती."

"आपण काय प्यायचं? भात कशात शिजवू? नळ सकाळी येणार!"

"ह्याला कोरडा दिवस म्हणत्यात व्हय?" रामभाऊ म्हणाले. "मला वाटलं तेवढा रांजणच."

ती कळशी घेऊन बाहेर पडली. शेजारची दोन्ही घरं कुलूपबंद. टपरीवाल्यानं पिंप पालथं घातलेलं. त्यानं मात्र तिचं ऐकलं होतं. राहता राहिलं एकच दार, आणि त्या परसात पाऊल टाकायचं नाही असं तिनं कालच ठरवलं होतं.

दगडाबाई हौदापाशीच होत्या. कळशीकडे पाहिलं, मेघनाकडे पाहिलं.

"काकी, प्यायला पाणी हवं होतं. घरात थेंब नाही."

"एसटी बंद पडलेली म्हणं. ह्यांनी सांगितलं." मग कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आज शुक्रवार न्हवं? तुझं ऐकून मी हौद वतला असता तर आता कुणाच्या दारात गेली असतीस?"

मेघनानं कळशी या हातातून त्या हातात घेतली.

"घासलाय मी मंगळवारी. बघायचं तर बघ तुझी बॅटरी लावून."

"नको."

ती कळशी बुडवायला पुढे झाली. दगडाबाईंनी तिच्या हातातून कळशी काढून घेतली, वाकून हौदात बुडवली आणि काठोकाठ भरून कठड्यावर ठेवली. पाहुणी म्हणून घेतली, की आणखी कशासाठी, ते मेघनाला ठरवता येईना. दगडाबाईंच्या तोंडावर काहीच नव्हतं. कळशी मात्र इतकी भरली होती की उचलताना तिचा खांदा भिजला.

आबा दारात उभे होते.

"हिंदुरावांकडनं?"

"हो."

"तू बुडवलीस का तिनं?"

"तिनं भरून दिली."

"वरनं घातलं?"

"नाही. आपली कळशी घेतली माझ्या हातातून आणि हौदात बुडवली."

"हौदात? आपली कळशी?"

"हो आबा, हौदात. द्या आता इकडं, भात टाकते."

रामभाऊंनी कळशी तिच्या हातातून घेतली. चुलीकडे मात्र ते गेले नाहीत. उंबरा ओलांडून रस्त्याकडे गेले आणि मेघनाच्या लक्षात येईपर्यंत त्यांनी झाकण काढलंही होतं. कोरड्या रांजणात पाणी पडल्याचा आवाज घुमला, खोल आणि लांब, एवढ्याशा पाण्यातून येणार नाही असा.

"आबा! अहो काय करताय!"

"दिवस मावळला. तुझा कोरडा दिवस झाला." त्यांनी शेवटचा थेंब निथळू दिला, झाकण ठेवलं आणि कळशी तिच्याकडे दिली. "चांगलं पाणी हाय. उगं घरात ठिवून काय करायचंय."

ती त्यांच्याकडे रागानं बघत राहिली. मग वळली आणि रिकामी कळशी घेऊन पुन्हा मागच्या आळीकडे चालायला लागली.

दगडाबाई अजून परसातच होत्या. आत हिंदुराव बातम्या ऐकत होते, रेडिओचा आवाज बाहेर येत होता.

"सांडलीस व्हय गं?"

"नाही. आबांनी रांजणात ओतली."

"आमचं पाणी?"

"हो."

"त्या रांजणात?"

मेघनानं मान हलवली. दगडाबाईंनी दाराकडे, रेडिओच्या आवाजाकडे एकदा पाहिलं. मग पुढे होऊन कळशी घेतली आणि हौदावर वाकल्या.

"मग उद्या सकाळी ह्यांनी काय म्हणून तितं न थांबता गाडी फुडं न्यायची?" त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या.

कळशी आडवी होऊन पाण्याखाली गेली. आतली हवा बुडबुडे होऊन वर येत राहिली, कळशी काठोकाठ भरेपर्यंत.